लवूची फुंकर

माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम खाली काढला तेव्हा सुयोगच्या मनात भुताखेताचं काही नव्हतं. आईच्या पोटात दोन घास जावेत, एवढंच त्याला हवं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून सुंदराबाई विक्रोळीच्या घरात खाटेला खिळल्या होत्या आणि हल्ली आठवणही दगा देत होती. दिवेलागणीला सुयोगने ताट पुढे केलं की परक्या माणसाकडे बघावं तसं बघायच्या, तोंड फिरवायच्या आणि विचारायच्या, "लवू खंय गेलो?"

लवू म्हणजे सुयोगचा थोरला भाऊ. शाळेत असतानाच दम्याने गेला. तो होता तोवर रोज संध्याकाळी ह्याच खाटेला टेकून दोघं भाऊ खेळायचे, आणि गेमचा टुणटुण सूर ऐकत आई आत भाकऱ्या थापायची. तो सूर पुन्हा कानी पडला तर कदाचित जेवेल, असं सुयोगला वाटलं. बुडत्याला काडीचा आधार.

घाटकोपरचा त्याचा मित्र सम्यक असले जुने गेम हौसेने दुरुस्त करायचा. गेमची कॅसेट उघडून तो हसलाच. आतल्या तांब्याच्या पट्ट्या गंजून हिरव्यागार पडल्या होत्या. गेम चालेना की कॅसेटमध्ये फुंकर मारायची, हे तेव्हाची पोरं आईच्या पोटातूनच शिकून यायची.

"तोंडाची वाफ लागून लागून वाट लागली हिची," सम्यक म्हणाला. "साफ केलीय. आता फुंकायचं नाही, काय?"

सुयोगला मात्र भरून आलं. फुंकायचा मान लवूचा. धाकट्याने हात लावला तर ओरडायचा, तुझी थुंकी जाते म्हणून. दोन छोट्या फुंकरी, मग एक लांब. त्याच्या अंगाला सदा निलगिरीच्या तेलाचा वास, आणि लांब फुंकरीच्या शेवटी छातीतली बारीक शिट्टी. धाप लागायची, पण मान काही सोडायचा नाही पठ्ठ्या.

घरी आल्यावर गेम हट्टाला पेटला. पडदा नुसता करडा. सुयोगने कॅसेट काढली, घातली, पुन्हा काढली. फुंकर मात्र मारली नाही. शेवटी कंटाळून ती खाटेजवळच्या स्टुलावर ठेवली आणि पेज गरम करायला आत गेला. बाहेर अंधारत आलं होतं. कॉलनीतले कावळेही गप्प झाले होते.

पेजेला बुडबुडे येत होते, तेव्हा त्याने ऐकलं. फू. फू. मग एक लांब... आणि शेवटी बारीक शिट्टी.

मग कॅसेट खाचेत बसल्याचा खट्ट आवाज. आणि पाठोपाठ तो सूर.

सुयोग बाहेर आला. आई जागची हललीही नव्हती. पडल्या पडल्या हसत होती. "हळू फुंक रे लवू," ती म्हणाली. "धाप लागतली तुका..."

खोलीत निलगिरीचा वास होता. त्या दिवशी ती वाटीभर पेज जेवली. सुयोगच्या अंगावर काटा होता आणि डोळ्यांत पाणी.

गेम रोज बंद पडू लागला. सम्यक म्हणाला, आण परत, बघतो. सुयोग म्हणाला, असू दे. संध्याकाळ झाली की तो मुद्दाम कॅसेट स्टुलावर ठेवून आत जायचा आणि शेगडीपाशी कान देऊन उभा राहायचा. भीती वाटायचीच. पण आई जेवत होती, आणि खरं सांगायचं तर त्यालाही भाऊ घरात हवा होता.

काल दोन छोट्या फुंकरी झाल्या आणि लांब फुंकर अर्ध्यावर तुटली. मग खोकला... कोरडा, न थांबणारा. सुयोग धावत बाहेर आला. खाटेजवळ कुणी नव्हतं. आई कुशीवर वळली होती आणि तिचा हात हवेत, लहान मुलाच्या पाठीइतक्या उंचीवर, वरून खाली फिरत होता.

"तेका आज जमणा नाय," ती म्हणाली. मग कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे ओळखून पाहिलं. "सुयोग, तू फुंक."

त्याने स्टुलावरची कॅसेट उचलली. ती ओली होती, आणि कोमट.