डावीकडचा माऊस

गुरुवारी दुपारी निंग्रुम मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरच्या चौकीकडे निघाली, तेव्हा तिच्या डोक्यात भुताखेतांचा विचारही नव्हता. काम अगदी साधं होतं. चौकीतल्या कॉम्प्युटरचा माऊस उलटा चालतो आणि एक विंडो काही केल्या समोरून हटत नाही, असा निरोप आला होता. खालच्या गावात तिचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि उतारावरच्या सातआठ वस्त्यांमधल्या कॉम्प्युटरांची ती एकटीच वैद्य होती. अर्ध्या तासात काम उरकायचं, नारळाच्या दुधात शिजलेली फणसाची भाजी आणि भात खायचा आणि उन्हातच परतायचं, असा तिचा बेत होता.

चौकी म्हणजे वुलुह नदीच्या काठावर, टेकाडावर बांधलेली विटांची एक खोली. नदीच्या वरच्या अंगाला दोन ठिकाणी जमिनीत यंत्रं पुरलेली आहेत. पात्रातून काही जड सरकलं की ती थरथरतात आणि चौकीतल्या पडद्यावर हिरव्या रेषा हलतात. डोंगरमाथ्यावर पाऊस झाला की साठलेली राख आणि दगडधोंडे पाण्याबरोबर सुटतात. त्याला आम्ही लहार म्हणतो. खाली लख्ख ऊन असतं, बायका कपडे वाळत घालत असतात, आणि वरून लहार निघालेला असतो. रेषा हलल्यापासून पात्रातल्या माणसांच्या हातात फार तर दहा मिनिटं उरतात. पात्रात रोज वाळू काढणारे पन्नाससाठ जण असतात. त्यांच्यासाठी रेषेवर डोळा ठेवायचा, एवढंच चौकीचं काम.

हे काम अकरा वर्षं पाक तुगिमान यांनी केलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला आमच्याकडे पाक म्हणतात. हा माणूस चौथीपर्यंत शिकलेला, स्वतः वाळू उपसून पाठ मोडून घेतलेला. शहरातल्या कुठल्याशा कॉलेजने टाकून दिलेला कॉम्प्युटर त्यांनी मोटारसायकलवर बांधून आणला, एका विद्यार्थ्याच्या मागे लागून त्यावर लिनक्स चढवलं आणि पुढचं सगळं आपलं आपण शिकले. तीन महिन्यांपूर्वी त्यांची छाती राखेने भरली ती भरलीच. आज त्यांना जाऊन शंभरावा दिवस होता आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गावजेवण होतं.

त्यांच्या जागी आता गांदुंग बसत होता. तो निंग्रुमची वाट बघत दारातच उभा होता.

“या म्बाक, या. तुम्हीच बघा हे प्रकरण,” तो म्हणाला. म्बाक म्हणजे ताई. “गेल्या आठवड्यात तालुक्याचे साहेब आले होते, आणि त्यांच्यासमोर मी डाव्या हाताने माऊस फिरवतोय! साहेबांनी तोंडच फिरवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.”

त्याचंही बरोबर होतं. डाव्या हाताने साधी काडेपेटी पुढे करायची तरी आमच्याकडे आधी माफी मागतात.

“पाक तुगिमान डावरे होते का?” निंग्रुमने विचारलं.

“छे हो! जन्मभर त्यांच्या पंगतीला जेवलोय. घास उजव्या हाताने, फावडं उजव्या हाताने. इथे बसले की काय व्हायचं देव जाणे. आणि ही रेषांची विंडो बघा. मी पावसाचा तक्ता भरायला घेतला की ही बया उठून वर येते. मिटवली तरी उघडते. सासूसुद्धा एवढी डोकावत नाही.”

निंग्रुम हसली आणि कामाला बसली. पात्राकडे तोंड केलेल्या भोंग्याचा माईक उजव्या भिंतीवर, आखूड वेटोळ्या तारेला टांगलेला होता. तिने माऊस उचलून उजवीकडे ठेवला, बटणांची अदलाबदल काढून टाकली आणि रेषांची विंडो नेहमी वर राहण्याचं सेटिंग बंद केलं. पावसाचा तक्ता पडदाभर झाला आणि हिरव्या रेषा त्याच्या मागे गेल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत.

“देवासारख्या धावून आलात,” गांदुंग म्हणाला. “मी पाकांच्या घरी चटया अंथरून येतो. तोवर एवढं बसाल का? मधूनमधून रेषा बघा. वास्ती, माझी बायको, आज पात्रात आहे. चार वाजता वर येईल.”

तो गेला आणि खोली एकदम गप्प झाली.

थोड्या वेळाने डोंगरावरून धुकं उतरलं. आधी समोरची बांबूची रांग गेली, मग अंगणातली मोटारसायकल गेली, मग अंगणही गेलं. वीज गेली आणि कॉम्प्युटरखालच्या बॅटरीने टुक् असा आवाज केला. भर दुपारी खोलीत फक्त पडद्याचा उजेड उरला. दूर कुठेतरी एक ट्रक घरघरत होता.

निंग्रुमने रेषा बघायला माऊस हलवला आणि बटण दाबलं. भलतंच काहीतरी उघडलं. बटणं पुन्हा उलटी झाली होती.

सेटिंग जतन करायचं राहिलं असेल, असं म्हणून तिने ते परत केलं आणि या खेपेला दोनदा तपासलं. हात मांडीवर ठेवून ती पडद्याकडे बघत राहिली. तक्त्याच्या पाठीमागून रेषांची विंडो हळूच वर आली. तिने ती खाली ढकलली. ती परत वर आली. घाई नाही, झटका नाही. समजूतदार माणसाने तुमचा हात बाजूला करावा तशी.

आणि मग तिला वास आला. लवंगेच्या सिगरेटचा. कोंदट, गोडसर, अगदी जवळून येणारा. खोलीत राखदाणीसुद्धा नव्हती.

“पाक…?” तिच्या तोंडून निघून गेलं.

मागच्या वेताच्या खुर्चीने कोणीतरी बसताना करावा तसा आवाज केला. निंग्रुमने मागे वळून बघितलं नाही. तिने मनातल्या मनात प्रार्थना म्हटली, आणि मग घाबरलेला कारागीर जे करतो तेच तिने केलं. दोष शोधायला लागली. सेटिंग परत फिरतंय, म्हणजे कुठेतरी ते लिहून ठेवलेलं असणार. तिने शोधलं, आणि पाक तुगिमान यांच्या नावाच्या फोल्डरात एक फाईल सापडली.

त्या फाईलमध्ये प्रत्येक सेटिंगच्या वर एकेक ओळ खास माणसांसाठी लिहिलेली होती. अशा ओळीच्या सुरुवातीला एक खूण असते. ती दिसली की यंत्र ती ओळ सोडून देतं. निंग्रुमने दोन वर्षांचा कोर्स केला होता, पण अशा ओळी लिहिण्याचा तिला नेहमीच कंटाळा. पाक तुगिमान यांनी एकही जागा सोडली नव्हती.

‘रेषांची विंडो कायम सगळ्यात वर. तक्ता उद्याही भरता येतो.’

‘बाण ज्या विंडोवर जाईल तिथेच काम सुरू. वेगळं क्लिक करण्यात वेळ जातो.’

‘दोन रेषा शेजारी ठेवून बघणे. फक्त खालची हलली तर ट्रक. आधी वरची आणि मग खालची, तर लहार.’

‘माऊस डावीकडे. उजवा हात माईकसाठी मोकळा हवा, तार आखूड आहे. लोक हसतात. हसू देत.’

निंग्रुमचे कान तापले. आपण काय केलं होतं? का ठेवलंय हे न विचारता, साहेबांना वाईट दिसतं म्हणून, आपण माऊस उचलून उजवीकडे ठेवला होता. ज्या माणसाने जन्मात कधी डाव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला नसेल, तो अकरा वर्षं सगळ्या गावाची चेष्टा सोसत इथे डाव्या हाताने बसला होता. काय माणूस होता हा! तिची भीती कुठे गेली कोण जाणे. तिचे डोळेच भरून आले.

शेवटची ओळ अशी होती: ‘माईकवर कोणाचंही नाव घ्यायचं नाही. एकाचं घेतलं की बाकीचे आपल्या नावाची वाट बघत थांबतात. फक्त म्हणायचं, वुलुह, वर या. तीनदा. ओरडायचं नाही. ओरडलं की माणसं पळत नाहीत, आधी वळून बघतात.’

ती ओळ वाचून होते न होते तोच फाईलवर रेषांची विंडो आली.

वरची रेषा जाड झाली होती.

एखादा दगड घसरला असेल… ती मनाशी म्हणाली. खात्री करायला दोन्ही रेषा शेजारी आणायला हव्या होत्या, आणि त्याच वेळी माईकही हवा होता. उजवा हात माईककडे गेला. आता माऊस कसा धरायचा, म्हणून तिने खाली बघितलं.

माऊस डावीकडे होता.

मघाशी तिने स्वतःच्या हाताने तो उजवीकडे ठेवला होता. तिने डावा हात त्यावर ठेवला. माऊस बर्फासारखा गार होता. एका झटक्यात दोन्ही रेषा शेजारी आल्या. वरची पसरत चालली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत खालचीही हलायला लागली.

“वुलुह, वर या,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज इतका शांत कसा, याचं तिलाच नवल वाटलं. “वुलुह, वर या. वुलुह, वर या.”

टेकाडाखालचा भोंगा धुक्यातून तेच बोलला. तेवढ्यात गांदुंग धापा टाकत आत आला. पडदा बघितला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने माईकवर झडप घातली.

“वास्ती! द्या इकडे, म्बाक! वास्ती खाली आहे माझी!”

“नाव नको!” निंग्रुमने माईक छातीशी धरला. “नाव नको, दादा. टोल द्या. जा!”

क्षणभर तो तिला मारतो की काय असं वाटलं. मग तो बाहेर धावला आणि दारात टांगलेल्या पोकळ लाकडावर त्याने टोल द्यायला सुरुवात केली. ठक ठक ठक ठक. निंग्रुम तेच तीन शब्द बोलत राहिली, आणि सगळा वेळ तिच्या मानेवर कोणाचातरी लवंगी श्वास होता.

लहार आला तेव्हा तो दिसला नाही. धुक्याने सगळं झाकलं होतं. आधी जमीन हलली, मग टेबलावरचा पेला किणकिणला, मग दगडावर दगड आपटत जाण्याचा आवाज पायाखालून गेला तो संपेचना. ओल्या राखेचा वास खोलीत भरला.

माणसं एकेक करून धुक्यातून वर आली. गांदुंग प्रत्येक चेहऱ्याजवळ जाऊन बघत होता. सगळ्यात शेवटी वास्ती आली, गुडघ्यापर्यंत चिखल आणि खांद्यावर फावडं.

“फावडं टाकून नाही का यायचं, वेडे!” गांदुंग रडत रडत ओरडला.

“नवं आहे ते,” वास्ती म्हणाली. मग निंग्रुमकडे वळून म्हणाली, “म्बाक, किती शांत बोललात. मला तर वाटलं, पाकच बोलतायत.”

एकही माणूस कमी नव्हता.

जेवणाला जाण्याआधी निंग्रुमने सगळं होतं तसं करून ठेवलं. फाईलला पासवर्डचं कुलूप घातलं, ज्याची किल्ली फक्त तिला ठाऊक. शेवटच्या ओळीखाली तिने आयुष्यात पहिल्यांदाच मन लावून माणसांसाठी एक ओळ लिहिली: ‘यातलं काहीही बदलू नये. निंग्रुम.’ गांदुंगने डाव्या हाताने माऊस धरला आणि सवय करायला बसला. संध्याकाळी पाक तुगिमान यांच्या घरी भात खाताना तिच्या मनात एवढंच होतं, की हा माणूस जिवंत असताना त्याच्यापुढे बसून चार गोष्टी शिकून घ्यायला हव्या होत्या.

महिन्याभराने बॅटरी बदलायला ती पुन्हा चौकीत गेली. ऊन स्वच्छ होतं. गांदुंग बाहेर चहा करत होता, अशी एखादी फाईल आहे हेही त्याला माहीत नव्हतं. निंग्रुमने सहज कुलूप काढून फाईल उघडली.

तिच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती.

‘एक बदल कर, पोरी. माऊसचा वेग जरा कमी ठेव. बोटं आता गार असतात.’

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिने वेग दोन पायऱ्या खाली आणला आणि माऊसवरून हात काढून घेतला.

“एवढा चालेल, पाक?” तिने अगदी हळू विचारलं.

लवंगेचा वास आला. पडद्यावरचा बाण सावकाश हलला, हिरव्या रेषांच्या विंडोवर गेला आणि वरच्या रेषेपाशी थांबला. रेषा अजून सरळ होती. डोंगरावर एकही ढग दिसत नव्हता.

रेषा हलण्याची वाट न बघता निंग्रुमने माईक उचलला.