वखारीच्या आवारातला वर्ग

"हीच ती पिशवी! हिनंच माझी बायको नेली!"

आप्पांनी कापडी पिशवी उंबऱ्याबाहेर भिरकावली, आणि तिच्यातली चित्रं, अक्षरांची कार्डं, रंगीत खडूंचे तुकडे पायऱ्यांवरून घरंगळत थेट खालच्या फरशीवर जाऊन पडले. खाली इस्त्रीवाली उभी होती, कपड्यांचं गाठोडं पोटाशी धरून. तिच्या मागे तिची लेक, चिंगी. दोघी जागच्या जागी थिजल्या. आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर त्यांची सूनबाई उभी होती...

"दारोदार फिरलीस या पोरांपायी! एक गल्ली सोडली नाहीस! आणि तो आजार घेऊन आलीस माझ्या घरात... तू मारलंस तिला! तू!"

एक वाक्य, फक्त एकच वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर येऊन थांबलं होतं. ते ओठांबाहेर पडलं असतं, तर सारी हयात मुख्याध्यापकाच्या खुर्चीत ताठ बसून काढलेला हा माणूस त्याच उंबऱ्यावर कोसळला असता. तिनं मास्कच्या आड ओठ दाताखाली दाबले. मग ती वाकली, एकेक खडू वेचला, कार्डं पुसून पिशवीत ठेवली आणि मान वर करून म्हणाली,

"तुम्हाला हवं ते बोला मला, आप्पा. मी ऐकून घेईन. पण पोरांचं शिकणं थांबणार नाही."

दार तिच्या तोंडावर आपटलं गेलं.

आता हे सगळं मुळात कसं झालं, ते सांगायला हवं. त्या वर्षी साथ आली आणि शाळांना कुलपं लागली. सूनबाई पहिलीच्या वर्गावर होती. पहिलीचं पोर म्हणजे ओल्या मातीचा गोळा. हात धरून गिरवायला लावावं तेव्हा कुठे अक्षराला आकार येतो. आणि इथे तर वर्ग फोनवर! सकाळी पडद्यावर इवले इवले चौकोन उघडायचे. कुणाची नुसती शेंडी दिसायची, कुणाचं छत, कुणी कॅमेऱ्यासमोर बिस्कीट धरून "बाई, खा" म्हणायचं. हसू यायचं, पण टिकायचं नाही... कारण अर्धे चौकोन उघडतच नसत. ज्यांच्या घरात एकच फोन, तो आईबापांबरोबर कामावर जायचा. चिंगीनं तर शाळेचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं. हजेरीत तिचं नाव होतं, एवढंच.

मग सूनबाईनं कार्डं बनवली, चित्रं रंगवली, आणि ती पिशवी खांद्याला लावून घरोघर जायला लागली. दाराबाहेर उभी राहायची, हातभर लांबून बोलायची, घरी आली की आधी न्हाणीघर गाठायची. सासूबाई तिच्यासाठी गरम पाणी काढून ठेवत. म्हणत, "जा पोरी, बिनधास्त जा. यांच्याकडे मी बघते."

आणि त्याच दिवसांत आप्पांना खोकला लागला.

घरात बसून माणूस कावला होता. बंद वाचनालयाच्या मागच्या बाकावर त्यांचे जुने दोस्त पत्ते खेळायला जमतात, हे घरातल्या दोघींना ठाऊक होतं. "जरा गच्चीत जाऊन येतो," म्हणून आप्पा तिकडे सटकत. खोकला आला तेव्हा म्हणाले, "धूळ गेली घशात." अंग कणकणलं तेव्हा म्हणाले, "उन्हाचं आहे." तपासणीचं नाव काढताच अंगावर धावून आले. दोन-चार दिवसांत ते खडखडीत बरेही झाले. आणि मग सासूबाईंनी अंथरूण धरलं...

रुग्णवाहिका आली ती सकाळ सूनबाई जन्मात विसरणार नव्हती. आप्पा आत कपड्यांची पिशवी भरत होते. जिन्यात सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं. त्या तापलेल्या बोटांत केवढी ताकद होती!

"यांचा खोकला तूही ऐकलास... मीही ऐकला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "यांना कधी कळू देऊ नकोस गं. माझ्यामुळे गेली म्हणून जीव देतील. शब्द दे मला!"

"आई, तुम्ही बऱ्या होऊन घरी येणार आहात..."

"शब्द दे आधी!"

तिनं दिला. सासूबाई परत आल्या नाहीत. निरोप द्यायलासुद्धा कुणाला जवळ जाऊ दिलं नाही.

नवरा मालवाहू बोटीवर. बोटीवरच्या माणसांना कुठलंच बंदर उतरू देईना, तो भरसमुद्रात आईसाठी रडला. फोनवर तुटक्या तुटक्या आवाजात तिला म्हणाला, "थोडे दिवस सोड ना तो पोरांचा नाद. आप्पांचं मन जरा जप."

"आप्पांचं मन जपतेच आहे रे," ती म्हणाली. "किती जपतेय, ते तुला नाही सांगता येणार. पण या पोरांचं वर्ष वाया चाललंय, ते कोण जपणार?"

पिशवी भिरकावली त्या दिवसापासून घरात दोन चुली झाल्या. आप्पा तिच्या हातचं पाणीही घेईनात. स्वतः कच्चंपक्कं शिजवत, करपवत, आणि तेच मुकाट्यानं गिळत. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. पण सकाळ झाली की पिशवी खांद्याला लागायची!

पुढे मोकळ्या जागेत बसायची परवानगी मिळाली. शाळेच्या इमारतीचं कुलूप मात्र तसंच होतं. सूनबाईनं लाकडाच्या वखारवाल्याला गाठलं. धंदा बंद, आवार रिकामं. तो म्हणाला, "बाई, पोरं ओंडक्यांवर चढतील."

"चढणार नाहीत."

"आणि चढली तर?"

"तर मी उतरवीन. तुमचे ओंडके काही पळून जाणार नाहीत, माझी पोरं मात्र चालली आहेत हातातून."

वखारवाला हसला आणि त्यानं फाटक उघडलं.

पहिल्या दिवशी पोरं आली, लांब लांब बसली आणि टकामका तिच्याकडे बघत राहिली. एक पोरगं ओरडलं, "अरे, बाईंना पाय आहेत!" पडद्यावर त्यांनी तिला फक्त खांद्यापर्यंत पाहिलं होतं ना! ती बोलता बोलता थांबली, तर दुसरी म्हणाली, "बाई अडकल्या. रेंज गेली." सूनबाई हसली, खूप दिवसांनी मनापासून हसली... आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

पण मास्कचं काय करायचं? 'प' म्हणताना ओठ कसे मिटतात, 'फ' म्हणताना वारा कसा सुटतो, ते पोरांना दिसणार कसं? तिनं मास्क उसवले, मध्ये पारदर्शक प्लास्टिकची खिडकी शिवली. पोरं त्या खिडकीत टक लावून बघत आणि आपापल्या मास्कआड ओठ हलवत. फक्त चिंगी बोलायची नाही. यायची, बसायची, गिरवायची. तोंडातून चकार शब्द नाही. जिन्यातला तो आरडाओरडा तिच्या मनात घर करून बसला होता की काय, कोण जाणे.

आणि एक दिवस मोठ्या बाईंचा, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेचा, फोन आला.

"वर्गाबद्दल तक्रार आली आहे. मला नाइलाजानं बघायला यावं लागेल."

"कुणाची तक्रार?"

"तुमच्याच घरातून आहे. काय बोलू मी?"

सूनबाई नळाखाली भांडं धरून उभी होती. भांडं भरलं, वाहायला लागलं, तरी तिला भान नव्हतं. ज्याच्यासाठी एवढं विष पचवलं, त्यानंच...! आतल्या खोलीत आप्पा बसले होते. चार पावलं टाकायची आणि सांगून मोकळं व्हायचं. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. आत सासूबाईंची साडी मांडीवर घेऊन आप्पा तिची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते... ती आल्या पावली मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टपालमास्तर आले, आप्पांचे बाकावरचे दोस्त. तेही मरता मरता वाचले होते; काठी टेकत कसेबसे जिना चढले. व्हरांड्यात बसून म्हणाले, "वहिनी गेल्या आणि मला येताही आलं नाही रे. बाकावरचे आपण सगळेच आडवे झालो. तुझ्या खोकल्यानं सुरुवात झाली आणि..."

"काका, चहा टाकू ना?" सूनबाई आतून धावत आली. "साखर चालते तुम्हाला?"

"चालते गं. तर मी म्हणत होतो, तू पत्ते पिसताना खोकत होतास, मी तेव्हाच वहिनींना फोन केला होता. म्हटलं, याला तपासून घ्या. त्या म्हणाल्या, यांना घाबरवू नका भाऊजी, मी आणि सूनबाई बघतो काय ते..."

"काका!" ती जवळजवळ ओरडली.

टपालमास्तर एकदा तिच्याकडे, एकदा दोस्ताकडे बघत राहिले. आप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ते सुनेकडे बघत होते. आणि तिनं खाली घातलेल्या नजरेतच त्यांना सगळी उत्तरं मिळाली. ते उठले, आत गेले, आणि दार लोटून घेतलं. ती संध्याकाळभर त्या दाराशी बसून राहिली. आतला श्वास ऐकत.

सकाळी मोठ्या बाई वखारीत आल्या. सोबत गल्लीतली दोन-तीन माणसं. "पोरं जमवायची नाहीत," एकानं फाटकातूनच सुनावलं. सूनबाई पुढे होणार, तोच ओंडक्यांच्या मागून आप्पा आले. डोळे सुजलेले होते.

"तक्रार माझी आहे," ते म्हणाले. आवाज चिरकला. "ती खोटी आहे. या मुलीनं नाही आणलं काही... मी आणलं! माझी बायको माझ्यामुळे गेली, आणि हिनं... हिनं माझ्या शिव्या खाल्ल्या, तोंडातून ब्र काढला नाही! मोठ्या बाई, मी सांगतो तुम्हाला, हा वर्ग..."

"आप्पा."

तिच्या आवाजाला कंप होता, पण धार तशीच होती. ती त्यांच्याजवळ गेली.

"कुणी आणलं, ते कुणालाच ठाऊक नाही. तो आजार होता आप्पा, गुन्हा नव्हता. आईंनी तुम्हाला कधीच दोष दिला नाही. तुम्हीही देऊ नका." मग हळूच म्हणाली, "आणि आता तुम्ही बसा. माझ्या वर्गाचं मी बोलते."

ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्यानं एके काळी अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, तो माणूस गपचूप एका ओंडक्यावर बसला.

सूनबाई फाटकाकडे वळली. "दुकानं उघडली, बाजार भरतोय, तिथं तुम्ही सगळे जाता. इथं माझी पोरं मोकळ्या हवेत लांब लांब बसतात, तोंड झाकून. नियमात काही चुकलं असेल तर दाखवा, आत्ता सुधारते. पण यांना घरी पाठवायचं असेल, तर एकेकाच्या तोंडावर सांगा, की तुझ्या घरी फोन नाही म्हणून तू शिकायचं नाहीस. सांगा! मी नाही सांगणार!"

तेवढ्यात मागून एक बारीकसा आवाज आला. चिंगी उभी राहिली होती. फळ्याकडे बोट करून, अडखळत, एकेक अक्षर ओढून काढत ती वाचत होती, "ब... द... क. बदक! बाई, बदक आहे ते!"

फाटकाबाहेर गाठोडं घेऊन चाललेली इस्त्रीवाली मटकन खाली बसली आणि पदरात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. गल्लीतल्या माणसांकडे वळून म्हणाल्या, "चला. वर्ग चालू आहे, मध्ये उभं राहू नये."

वर्ग सुटल्यावर दोघं घरी निघाली. आप्पा चार पावलं मागे चालत होते. कोपऱ्यावर थांबून त्यांनी कसेबसे शब्द जुळवले, "मला माफ... मी कुठल्या तोंडानं..."

"घरी चला आधी. तुमचं ते करपलेलं खाऊन काय दशा झालीय बघा! आज मी वाढणार आणि तुम्ही जेवणार."

त्यांनी मान हलवली. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचीही शुद्ध नव्हती.

"उद्या... उद्या मी येऊ वर्गावर?"

"या ना. पण लांब बसायचं. आणि मी शिकवत असताना मध्ये बोलायचं नाही."

आप्पांनी पुढे होऊन तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली आणि आपल्या खांद्याला लावली.

"नाही बोलणार," ते म्हणाले, "बाई."