गाता येणारा पाळणा

खटपट्याने चार हजार पाळणे शोधून आणले, पण त्यातला एकही गाता येत नव्हता.

गोष्ट २०५८ सालची, लोणारची. दुसऱ्या दिवशी चार्वीच्या धाकट्या भावाचं बारसं होतं. घरातल्या प्रत्येक बारशाला नलिनीआजी स्वतः रचलेला पाळणा म्हणायची. आता आजी नव्हती आणि आईला पहिल्या दोनच ओळी येत होत्या. कुणीतरी आजीचा आवाज टिपून सगळ्यांच्या सामायिक संगणक-साठ्यात ठेवला असेल, एवढीच आशा.

म्हणून चार्वीने घरच्या यंत्रमानवाला, खटपट्याला, कामाला लावलं. त्या पठ्ठ्याने जत्रेतले उंच पाळणे दाखवले, सागवानी पाळणे दाखवले, वर तीन पाळणाघरांच्या वेळाही सांगितल्या.

"अगदी ढ आहेस!" चार्वीला रडूच फुटलं.

"त्याला कशाला बोलतेस?" आबा म्हणाले. तिचे हे आजोबा संगणकशास्त्रज्ञ होते. "लोकांनी 'पाळणा' असा टॅग (ओळखचिठ्ठी) लावला. कोणता पाळणा ते तुला चटकन कळतं. त्याला दिसतात नुसती तीन अक्षरं. चिठ्ठीला अर्थ जोडायला हवा. सांग, आपला पाळणा म्हणजे काय?"

"गाणं."

"कधी म्हणतात?"

"बारशाला. आणि मग घुगऱ्या!"

आबांनी खटपट्याला तीन वाक्यं दिली. पाळणा हा गाण्याचा प्रकार. तो बारशाला म्हणतात. बारशाला घुगऱ्या वाटतात. "याला म्हणतात अर्थजाळं (शब्दांची नाती यंत्राला वाचता येतील अशी मांडणी)."

जत्रा गेली, सागवान गेलं. 'पाळणा' आणि 'घुगऱ्या' अशा दोन्ही चिठ्ठ्यांची सदतीस ध्वनिमुद्रणं उरली. नलिनीआजीच्या नावाचं मात्र एकही नव्हतं.

चार्वी यादी वाचत गेली आणि एकदम ओरडली, "आबा, 'नलूमामी, मेहकर'! तुमचे मेहकरचे भाचे आजीला मामीच म्हणतात ना?"

"हो गं! पण नलूमामी आणि नलिनीआजी एकच, हे यंत्राला कोण सांगणार? ते घरच्या माणसानंच सांगायचं."

चार्वीने दोन्ही नावं जोडली आणि ध्वनिमुद्रण लावलं.

"थांबा गं, आधी बाळाला नीट धरा," आजी म्हणाली आणि गाऊ लागली. पुरती अकरा कडवी! आई ओल्या हातांनी धावत आली आणि एकेक कडवं लिहून घेऊ लागली.

चिठ्ठ्या लावणाऱ्या होत्या मेहकरच्या कुणी सुलभाताई. ना ओळख ना पाळख, पण चार्वीला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

बारशाला आईने सगळी कडवी म्हटली. चार्वीने ते नवं ध्वनिमुद्रण साठ्यात ठेवलं आणि खटपट्याला चिठ्ठ्या सांगितल्या, "गाणारी, आई. रचणारी, नलिनीआजी. आभार, सुलभाताई."

"'आभार' हे नातं माझ्याकडे नाही," खटपट्या म्हणाला. "त्याचा अर्थ?"

चार्वीने जरा विचार केला. "ज्यांच्यामुळे आपल्याला मिळालं, त्यांच्याशी असतं ते."

"जोडलं," खटपट्या म्हणाला. मग कुणी न सांगता त्याने त्याच नात्याने स्वतःला आबांशी आणि चार्वीशी जोडून घेतलं.