तुरोबचा उरलेला नान

काचेच्या पेटीत नुसतं कापड उरलं होतं. नान गायब.

"सकाळी दहाला होता हो!" संग्रहालयाचे संचालक बहादिर रडकुंडीला आले होते. "तीनला ओयदिनखाला येणार. तिला काय तोंड दाखवू?"

पोलीस कप्तान लोला एर्गाशेवाने कुलूप पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. वसंतात नवरा गेल्यापासून लोलाला ना राग येई, ना रडू. कामं तेवढी होत.

१९४२ साली तुरोब लढाईवर निघाला, तेव्हा उझबेक रिवाजाप्रमाणे त्याने या नानचा एक घास चावला. उरलेला नान भिंतीतल्या खुंटीला टांगायचा आणि चावणाऱ्याने परत येऊन संपवायचा. तुरोब काही आला नाही; नान पुढे संग्रहालयात ठेवला गेला. त्याची लेक ओयदिन तेव्हा एक वर्षाची होती, आता त्र्याऐंशीची. गेल्या आठवड्यात रशियातून पत्र आलं, त्याची कबर सापडली म्हणून. आज संग्रहालयाच्या कुटुंबमेळ्यात ती तो नान पाखरांना घालणार होती. तिला वाट पाहणं एकदाचं संपवायचं होतं.

अंगणात आईबाप पोरांना घेऊन कणीक तिंबत होते. तंदूर पेटला होता, मटणाचे सामसे भाजत होते.

"पोरांनीच पळवला असेल," बहादिर म्हणाले.

"समोर गरम सामसे असताना ब्याऐंशी वर्षांचा शिळा नान? पोरं वेडी नाहीत, साहेब. किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे, एक शमसिद्दीनकडे. माझी आज सकाळी नर्गिझाने नेली होती."

शमसिद्दीन दालनाचा रखवालदार. वीस वर्षांची नोकरी, उंचापुरा माणूस, सगळ्यांचा 'अका' म्हणजे दादा. तो खाली मान घालून उभा होता.

पोरांचे कार्यक्रम घेणारी नर्गिझा पिठाच्या हातांनीच आली.

"पेटी कशाला उघडलीस?"

"शिक्का काढायला. नानवर नक्षी टोचायचा, तुरोबच्या बायकोचा. म्हटलं, पोरांना एकदा खरा वापरू दे. तर शमसिद्दीनअका केवढे भडकले! पोरं मोडतील म्हणे. अहो, लोखंडाचे खिळे ते, मोडतील कसले?"

"याआधी कधी वापरला होता?"

"छे, आजच पहिल्यांदा."

"तेव्हा नान होता?"

"होता की! डोळ्यांनी पाहिला."

लोलाने ओळीत मांडलेले कच्चे नान पाहिले. प्रत्येकाच्या बाहेरच्या कड्यात एक टोचा कमी होता.

"खिळा पडलाय वाटतं?"

"जुनाच पडलाय. खाला सांगते ना, आईने लग्नापासून जन्मभर त्याच खिळा पडलेल्या शिक्क्याने नान केले."

दारावर यंदाच्या मेळ्याचं मोठं पोस्टर होतं, त्यावर त्या चावलेल्या नानचा फोटो. टोच्यांचं बाहेरचं कडं पुरं. लोलाने बोट ठेवून एकेक टोचा मोजला.

"कचरापेट्या उपसल्या," बहादिर म्हणाले. "आता तंदुरातली राख चाळतो."

"कशाला? आपल्यातला माणूस नान कचऱ्यात टाकेल? जाळेल? जीव गेला तरी नाही. पाय लागणार नाही अशा ठिकाणीच ठेवेल. स्टूल आणा."

दालनातल्या उंच कपाटाच्या माथ्यावर नान होता. स्वच्छ रुमालात गुंडाळलेला.

तीनला ओयदिनखाला आली. लोलाने सगळ्यांना तिच्यासमोरच बसवलं.

"चोराला नान न्यायचा नव्हता. तो आज कुणाला दिसू नये, एवढंच हवं होतं. आजच का? कारण आज शिक्का बाहेर निघाला. शिक्क्याला एक खिळा कमी, आणि या नानवरचं कडं पुरं. खाला, हा तुमच्या बाबांचा नान नाही. साहेबांना हे माहीत असतं, तर त्यांनी फोटो दारावर लावला नसता. नर्गिझाला माहीत असतं, तर तिने शिक्का काढलाच नसता. तो काढू नका म्हणाले फक्त तुम्ही, शमसिद्दीनअका."

शमसिद्दीन खालाकडे वळला.

"दोन वर्षांपूर्वी, थंडीत. उंदरांनी पार फडशा पाडला, खाला. माझी नोकरी गेली असती. घरी नवा भाजला. हाताशी माझ्या बायकोचा शिक्का होता, तोच मारला. नक्षी कोण बघतंय, वाटलं."

"आणि चावला कुणी?" खालाने विचारलं.

"मीच."

खालाने नान त्याच्यापुढे सरकवला.

"चावलास तू. माझ्यासमोर धडधाकट बसलाही आहेस. मग संपव. नर्गिझा, चहा दे याला."

तो बुडवून बुडवून खाऊ लागला. दाताखाली कटकट आवाज येत होता. डोळ्यांतलं पाणी मिशांवर आलं, तरी तो थांबला नाही. खाला गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना रडू.

शेवटचा तुकडा हातात धरून तो म्हणाला, "हा तरी पाखरांना..."

"नको. तो तुझा आहे. माझ्या बाबांचा उंदरांनी संपवला." ती काठी टेकत उठली. "कप्तानबाई, मला घरी सोडता का? भिंतीतली बाबांच्या नानची ती खुंटी काढायचीय. मला एकटीला नाही उपटणार."