हाचिजोच्या दक्षिणेला

सुसाकी बंदरातल्या रेकॉर्डच्या दुकानासमोर संत्र्यांचं रिकामं खोकं पालथं घातलं होतं. त्यावर उभी राहून मिनेझाकी सायो आपल्या दुसऱ्या, आणि बहुधा शेवटच्या, रेकॉर्डमधलं गाणं म्हणत होती. ऐकायला चौघं होती. दुसऱ्या कडव्याला समोरून एक माणूस खांद्यावर जाड पांढऱ्या कापडाचं भेंडोळं घेऊन निघाला, आणि सायो गाता गाता थांबली.

"अहो... ते शिडाचं कापड ना?"

माणूस वळला. मागे दुकानातल्या रेकॉर्डवर नुसतीच वाद्यं वाजत राहिली.

"हो. पण तुमचं गाणं चाललंय."

"चालू दे. शिडं तुम्ही शिवता?"

"शिवतो. आधी ते पुरं करा. माणसं उभी आहेत."

"ती बससाठी उभी आहेत," सायो म्हणाली, आणि चौघंही हसली. खरंच होतं ते.

त्याचं नाव तोकुहिरो इसाकु. धक्क्याच्या टोकाला त्याची शेड होती. सायोची होडी त्याच धक्क्याला बांधलेली होती – सहा मीटरची, जुनी, ठिगळांच्या शिडाची. एकोणिसाव्या वर्षी तिनं मोटरसायकलवरून देशाचं उत्तर टोक गाठलं होतं, बाविसाव्या वर्षी मासेमारी जहाजावर भात शिजवत अलास्कापर्यंत जाऊन आली होती. गाणी मध्ये कुठेतरी झाली. तोक्योतले कंपनीवाले म्हणत, हिच्या प्रवासांमुळे गाण्यांची जाहिरात होते. तिच्या हिशेबी उलटं होतं, गाणी होडीसाठी होती. आता तिला एकटीनं हवाईपर्यंत जायचं होतं. मे महिन्यात वारा बरा असतो.

"नकाशा काढता येतो?" तिच्यासाठी नवं शीड मोजताना इसाकुनं विचारलं.

"कसला?"

"हवेचा. रेडिओवर वाचतात तो."

"नाही."

"मग हवाई राहू दे, त्या समोरच्या बेटावर जाऊन या."

असं सुरू झालं. रोज दुपारी चार वाजता शेडमधल्या रेडिओवर तो संथ, कोरडा आवाज यायचा – इशिगाकी बेट, आग्नेय, जोर तीन, ढगाळ, दाब एक हजार बारा. मग नाहा, मग पुढचं ठाणं. पंचवीसेक मिनिटं. छापील कोऱ्या नकाशावर पेन्सिलीनं वाऱ्याचे बाण काढायचे, सारख्या दाबाच्या रेषा जोडायच्या. पहिल्या दिवशी सायोचे बाण सगळे उलटे आले.

"वारा जिकडून येतो तिकडे बाणाची शेपटी," इसाकु म्हणाला. "तुम्ही अख्खा पॅसिफिक पाठमोरा केलात."

"गाणाऱ्यांना समोरून टाळ्यांची सवय असते."

"चौघांच्या?"

"बस येईपर्यंत."

शेजारी मासे वाळत घालणारी ओतोमी मावशी ओरडून म्हणायची, "चार वाजले की दोघं तोंडाला कुलूप लावून बसतात! माझ्या लग्नातसुद्धा एवढं कुणी गप्प नव्हतं रे!"

सायोनं एकदाच सांगितलं, रेषा खोडताना, वर न बघता. बाबा ज्या नावेवर होते तिच्यावर रेडिओ होता. ती बुडाली त्या दिवशी कुणी तो ऐकला नव्हता. इसाकुनं तिची पेन्सिल टोकदार करून परत दिली.

गुरुवारी पहाटे निघायचं ठरलं. बुधवारी चारला सायो धक्क्यावर पाण्याचे डबे चढवत होती, म्हणून नकाशा इसाकु एकटाच काढणार होता. पाच वाजता तो आला. कागद तिच्यापुढे धरला.

"उद्या नाही निघता येणार. हाचिजो बेटाच्या दक्षिणेला कमी दाबाचा पट्टा आहे. नऊशे शहाण्णव. दोन-तीन दिवस तरी थांबा."

नकाशा सुरेख होता. रेषा एकसारख्या, एकही खोडलेली नाही. सायोनं हाचिजोवर बोट ठेवलं.

"इसाकुसान, मावशीचा रेडिओ चालू होता."

इसाकुनं कागद खाली घेतला.

"हाचिजो बेट, ईशान्य, जोर दोन, निरभ्र, एक हजार सोळा. डबे उचलता उचलता ऐकलं मी. तुम्हीच लावलेली सवय."

"...हो."

"बाबांच्या नावेवर कुणी ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंत, आणि खोटं काढलंत."

"हो."

पाण्यावर होडी धक्क्याला हलकेच आपटत होती. पलीकडे मावशी सुकट गोळा करायची थांबली होती, हे दोघांनाही कळत होतं.

"का?"

इसाकुनं कागदाची घडी घातली, परत उलगडली. "तुम्ही जाऊ नये म्हणून."

"मग तसं म्हणायचं होतं."

"म्हटलं असतं तर थांबला असतात?"

"नाही," सायो म्हणाली. "पण म्हटलेलं सोबत नेलं असतं. आता काय नेऊ? हे वादळ?"

तो निघून जाईल असं तिला वाटलं. तो धक्क्याच्या कडेला बसला. तिनं डबा खाली ठेवला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. राग गेला नव्हता. पण चौतीस दिवसांत या माणसाची एक रेघ चुकलेली तिनं पाहिली नव्हती, आणि आज त्यानं एवढं मोठं वादळ काढलं होतं... हेही तिला दिसत होतं.

"आता म्हणा," ती म्हणाली.

"आता काय उपयोग?"

"सावकाश म्हणा. लिहून घेता येईल असं."

तिनं त्याच्या खिशातली पेन्सिल काढली आणि तोच नकाशा पालथा करून मांडीवर घेतला. इसाकुनं घसा साफ केला. कान लाल झाले होते.

"तुम्ही... मला आवडता."

"पुढे."

"जाऊ नये असं वाटतं. जाणार हे माहीत आहे." तो थांबला. तिची पेन्सिल त्याला गाठेपर्यंत थांबला. "परत आलात तर मी इथेच असेन. नाही आलात तरी इथेच असेन. मला दुसरं काही करता येत नाही."

"शेवटचं जरा भरभर झालं."

"मला... दुसरं काही... करता येत नाही."

"अगं ए गाणारणी," मावशीला राहवलं नाही, "तुझंही काहीतरी सांग त्याला!"

सायोनं कागदाची नीट घडी करून अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेवली. "हवाईहून सांगते. तिथून पत्र यायला आठ दिवस लागतात. मी पोचेपर्यंत, आणि वर ते आठ दिवस, यानं वाट बघावी. खोट्याची एवढी शिक्षा तर हवी."

"आणि पत्रात काय असेल?" इसाकुनं विचारलं.

"बाणाची शेपटी कुठे, तुम्हीच शिकवलंत. माझा बाण कुणाकडे वळलाय ते कळत नाही का तुम्हाला?"

गुरुवारी पहाटे वारा ईशान्येचाच होता, जोर दोन. ती शीड उभारून सुकाणूशी बसली. होडीचा दोर धक्क्यावरच्या खुंटाला होता, तो काठावरच्या माणसानंच सोडावा लागतो. इसाकु वाकला. गाठ त्यानंच घातलेली होती, तरी सोडायला वेळ लागला. मग त्यानं दोर गुंडाळला, आणि तिच्याकडे फेकला.