वाऱ्यात चेंडू धरताना

कुकरची शिट्टी झाली आणि कुंपणापलीकडे धावणारे सगळे पुरुष जागच्या जागी थांबले.

त्याआधी इतकी शांतता होती, की मैदान रिकामंच असेल असं मला वाटलं होतं. माझ्या लेकीला, स्वरदाला ताप होता, ती नुकतीच झोपली होती. मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी टाकून कोथिंबीर निवडत होते. हॅमिल्टनच्या 'ते रापा' या भागात राहायला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. मागच्या बाजूला दुधाचा कारखाना, पुढे सोफे आणि गाद्यांची भलीमोठी दुकानं, आणि लाकडी कुंपणाच्या पलीकडे रग्बीच्या एका व्यावसायिक संघाचं सरावाचं मैदान. घर दाखवताना एजंट म्हणाला होता, शेजारी अगदी शांत आहेत. त्या दिवशी मात्र ते मुद्दामच शांत होते. कोचने सगळ्यांना एक अक्षर न बोलता खेळायला लावलं होतं, हे मला नंतर कळलं.

"हू ब्लू द विसल?" लालबुंद झालेला कोच गोल फिरत ओरडला.

कुणीच नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. तेवढ्यात कुकरने दुसरी मारली.

त्यांच्यातला एकजण पोट धरून हसायला लागला. हसतच कुंपणापाशी आला आणि वरच्या फळीवर कोपरं टेकून त्याने आत पाहिलं. गव्हाळ रंग, केसांत गवताच्या काड्या, कधीतरी मोडून जरा तिरकं जुळलेलं नाक.

"किती घेतेस?" त्याने विचारलं. चक्क मराठीत!

माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. "काय?"

"शिट्ट्या. आई तीन घ्यायची. वरणाला."

"तीनच," मी म्हटलं. "तुम्ही... मराठी?"

"थोडा. थोडं. थोडी..." त्याने मान हलवली. "एक बाकी आहे ना? होऊ दे, मग आम्ही स्टार्ट करतो." आणि वळून मोठ्याने म्हणाला, "वन मोअर टु गो, कोच!"

ते खरंच थांबले. तिसरी शिट्टी झाली तेव्हा त्या धिप्पाड माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकी लावून घेतली, ओट्याला टेकले आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले. त्या घरात मी पहिल्यांदाच हसत होते.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तोच, पायात जँडल्स नावाच्या इथल्या रबरी चपला, मागे एक उंच, कोवळा पोरगा.

"सॉरी म्हणायला आलो."

"सॉरी मी म्हणायला हवं. तुमचा सराव माझ्यामुळे बिघडला."

"हो ना. मग वरण दे."

"अनोळखी बाईला एकदम 'दे'?"

"'तुम्ही' मी फक्त आजोबांना म्हणायचो. फोनवर, साताऱ्याला." त्याने मला नीट न्याहाळलं. "तू आजोबांसारखी दिसत नाहीस."

त्याचं नाव धैर्यशील. संघात कुणालाच ते उच्चारता येत नव्हतं, म्हणून तो 'डेझ'. त्याची आई, मंदा, हॅमिल्टनला हॉस्पिटलात नर्स होती. ती गेल्यानंतर त्याने कुकर ऐकला नव्हता. हे त्याने सांगितलं वरणात भात कालवता कालवता, वर न बघता.

उंच पोराचं नाव विरेमू. टौरंगाचा, एकोणीस वर्षांचा. त्याने पहिल्याच घासाला "किया ओरा, आँटी!" असे माओरीत आभार मानून मला कायमचं नात्यात बांधून टाकलं.

मग एप्रिल आला. कुंपणालगतचं फीजोआचं झाड हिरव्या फळांनी वाकलं. इथे त्या दिवसांत जो तो पिशव्या भरभरून फीजोआ दुसऱ्याच्या गळ्यात मारत असतो. माझी फळं अर्धी त्याच्या बाजूला पडायची. ती गोळा करून परत द्यायला तो यायचा. दर संध्याकाळी. कधी कधी हातात एकच फळ असायचं.

"हे एक राहिलं होतं."

"झाडाला अजून शंभर आहेत. तेवढ्या फेऱ्या घालणार का?"

"हो. माझा फिटनेस चांगला आहे."

कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे तो, मधे फीजोआचा तो जरा औषधी, जरा अत्तरासारखा वास... आणि आमचं बोलणं. स्वरदा पाच वर्षांची. माझं मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर कायम इंग्रजीत. धैर्यशीलशी मात्र ती मराठीत बोलायला लागली. का, असं मी विचारलं तर म्हणाली, "बिकॉज ही'ज वर्स दॅन मी, आई." ती त्याची मास्तरीण झाली. "पडलं नाही, पडला. बॉल पडला. से इट अगेन."

रग्बी मला त्यानेच समजावली. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक असतो, तसा इथे दहा नंबर. चेंडू आधी त्याच्या हातात येतो. पास करायचा, मारायचा की घेऊन पळायचं, ते श्वास घ्यायच्या आत त्याने ठरवायचं असतं. आणि समोरून डोंगराएवढी माणसं अंगावर येत असतात.

"असा पोरगा विकत मिळत नाही," तो म्हणाला. "वाढवावा लागतो. लवकर खेळवला तर मोडतो. खूप उशीर केला तर घाबरतो. म्हणून विरेमूला अजून पाणी न्यायला लावतात. मैदानात जा, बाटल्या दे, आणि कोण काय ओरडतं ते ऐक."

"आणि चुकला की?"

"'का केलंस' विचारायचं नाही. मग तो कारणं शोधतो. 'काय दिसलं' ते विचारायचं."

दुसऱ्या दिवशी स्वरदाने दुधाचा ग्लास सांडला. माझ्या तोंडाशी 'का' आलं होतं. मी गिळलं. "काय दिसलं गं?" तिने खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर, कुंपणावर, एक पुकेको पक्षी निळं अंग फुगवून एका पायावर उभा होता. मीही बघतच राहिले. दूध नंतर पुसलं.

"आणि तू?" मी एकदा विचारलं. "तू कधी खेळतोस?"

"शेवटी थोडा. मेन दहा नंबर वेगळा आहे, मोठा खेळाडू. पुढच्या वर्षीच्या संघात त्याच्यामागे एकच जागा आहे. विरेमू तयार झाला तर त्याची. नाही झाला तर माझी."

"आणि त्याला तयार कोण करतंय?"

"मी." तो फीजोआ दाताने फोडून हसला. "त्यासाठीच ठेवलंय मला."

"म्हणजे नीट शिकवलंस तर तुझीच जागा जाणार?"

"स्वीट ॲज. एकदम बरोबर. तुला पटकन कळलं. मला दोन वर्षं लागली."

"मग जरा कमी शिकव ना..."

मी हे हसत म्हटलं. पण शेवटचा शब्द हसला नाही, आणि ते त्याला कळलं. आम्ही दोघंही मग उगाच झाडाकडे बघत बसलो.

मे महिन्यात वारा सुटला. एका संध्याकाळी मी फार्मसीतल्या कामावरून आले तर तो एकटाच गोलच्या खांबांसमोर किका मारत होता. स्वरदा कुंपणाची सुटी फळी सरकवून केव्हाच पलीकडे पोचली होती. रबरी स्टँडवर चेंडू ठेवला की वारा तो पाडत होता.

"कांचन, जरा बोट ठेवतेस? टोकावर. फक्त एक बोट."

"कामाचे कपडे आहेत माझे."

"वाऱ्याला सांग."

मी ओल्या गवतावर पालथी झोपले. कोपर चिखलात, हात लांब केलेला, उभ्या चेंडूच्या डोक्यावर माझं एक बोट. मागून त्याची पावलं धावत आली, जमीन माझ्या पोटाखाली धडधडली, आणि मी डोळे गच्च मिटले. बोटाखालचा चेंडू नाहीसा झाला.

"आईने डोळे मिटले!" स्वरदा नाचायला लागली. "चीटिंग!"

तो माझ्याशेजारी उकिडवा बसला. माझ्या गालावरचा चिखल पुसायला हात पुढे आला... आणि वाटेतच थांबला.

"मिटायचे नाहीत," तो हळू म्हणाला. "मी तुला लागू देणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

मग काय सांगणार होते मी त्याला? की आधीच्या संसारात मीही एकदा असाच हात लांब करून निवांत पडले होते, आणि लागलं होतं? त्याने पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळाने त्याने स्वतःच आपल्या बाहीने तो चिखल पुसला. बाहीला गवताचा वास होता. रात्री अंथरुणातही मला तो येत राहिला.

शेवटच्या सामन्याला मोठा दहा नंबर दुखापतीने बाहेर बसला आणि विरेमूला पहिल्यापासून उतरवलं. मी आणि स्वरदा गवताच्या उतारावर रजई पांघरून बसलो होतो. आजूबाजूला लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवत होते, इथली तशी रीतच आहे. धैर्यशील अगदी शेवटी आला, मागच्या फळीत, दुसऱ्याच कुणाच्या जागी.

आमच्या संघाला दोन गुण कमी होते. वेळ संपत आली होती आणि पेनल्टी मिळाली. किक गोलच्या खांबांमधून गेली तर तीन गुण. विरेमूने चेंडू स्टँडवर ठेवला. वाऱ्याने पाडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. घंटा थांबल्या. त्या पोराने मान वर केली, सगळ्या मैदानावरून नजर फिरवली आणि हात वर करून हाक मारली, "डेझ!"

धैर्यशील धावत आला. तो पालथा झोपला, हात लांब केला आणि एक बोट ठेवलं.

माझ्या आत काहीतरी ओरडलं, हलव! थोडंसं... कुणाला कळणारही नाही. वाऱ्यावर जाईल सगळा दोष. पोरगा अजून लहान आहे, त्याला पुढची वर्षं पडली आहेत. मला नाहीत.

ते बोट हललं नाही. या वेळी मी डोळे उघडे ठेवले होते. चेंडू उंच गेला, वाऱ्याने वाकला आणि दोन खांबांच्या मधून पलीकडे पडला. सगळ्या घंटा एकदम सुटल्या. मला रडताना बघून शेजारच्या आजोबांनी "गुड ऑन यू, लव्ह!" म्हणत माझी पाठ थोपटली. त्यांना वाटलं, मी संघासाठी रडतेय.

दुसऱ्या दिवशी तो कुंपणापाशी आला. फीजोआ संपले होते. हात रिकामे.

"तयार झाला," तो म्हणाला. इतका अभिमान आणि इतकं दुःख एकाच चेहऱ्यावर मी पाहिलं नव्हतं. "किक तर त्याला येतच होती. मदत मागता येत नव्हती. ते एवढंच राहिलं होतं."

"आणि तू?"

"जपानला एक क्लब आहे. त्यांच्याकडे दोन पोरं आहेत. खेळायचं थोडं, शिकवायचं जास्त. दोन सीझन." त्याने कुंपणाची फळी घट्ट धरली. "तुम्ही दोघी चला ना."

जपानची कुणकुण मला विरेमूकडून आधीच लागली होती, आणि मी विचारून ठेवलं होतं. त्याने बोलून दाखवायच्या आधीच, ऑकलंडला फोन करून. स्वरदाचा बाप आठवडाआड शनिवार-रविवार तिला नेतो. त्याच्या संमतीशिवाय तिला देशाबाहेर नेता येत नाही. तो भांडला नाही. "मी तिला मग कधी बघायचं, कांचन?" एवढंच म्हणाला. त्याचं काही चूक नव्हतं.

मी हे सगळं सांगितलं. कारखान्यावरून तापवलेल्या दुधाचा वास येत होता, बारीक भुरभुर सुरू झाली होती, आणि दोघांपैकी कुणीच आत जायला तयार नव्हतं.

"कांचन," त्याने विचारलं, "काय दिसतंय?"

'का' नाही, 'पुढे काय' नाही. 'काय दिसतंय'.

"तू," मी म्हटलं. "ओट्यापाशी उभी राहिले की तू. फार्मसीत औषधं मोजताना तू. कुकर लावला की... मी शिट्ट्या तुझ्यासाठी करते, धैर्यशील. वरण खरं तर दोन शिट्ट्यांतही शिजतं."

त्याचं तिरकं नाक थरथरलं. तो कुंपणावरून वाकला. फळी आमच्या दोघांच्या छातीला रुतत होती, आणि आम्ही ती रुतू दिली.

"माग काहीतरी," तो माझ्या केसांत म्हणाला. "तू कधीच काही मागत नाहीस."

मला विरेमूचा वर गेलेला हात आठवला.

"परत ये," मी मागितलं.

"येतो," तो म्हणाला. "'जातो' म्हणायचं नसतं ना? आई ओरडायची."

तो गेला त्याला आता महिना होत आला. आज गुरुवार. कुकरची शिट्टी झाली तेव्हा पलीकडे कुणी थांबलं नाही, सवय झाली आहे त्यांना. फक्त विरेमूने धावता धावता माझ्या खिडकीकडे बघून हात उंचावला. त्याच्यासोबत आता एक नवा मुलगा आहे, पाण्याच्या बाटल्या घेऊन पळणारा.

वारा होता. स्वरदा मागच्या अंगणात धैर्यशीलने ठेवून दिलेल्या स्टँडवर चेंडू उभा करत होती. तो पडायचा, ती पुन्हा उभा करायची. मी गॅस बंद केला, बाहेर गेले आणि ओल्या गवतावर पालथी झोपले. हात लांब केला. एक बोट ठेवलं. डोळे उघडे.

ती चार पावलं मागे गेली, धावायला वळली आणि थांबली. माझ्याकडे, माझ्या बोटाकडे, मग कुंपणाकडे बघत राहिली.

"आई," तिने विचारलं, "तिकडे असा वारा आला, की त्याचा बॉल कोण धरतं?"