सायरनच्या दिवशीचा पाला

मारित प्लोम्पने ओला कोटही काढला नाही. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवून ती उभ्याउभ्याच म्हणाली, "माझ्या बाबांनी कुणाला मारलेलं नाही."

रॉटरडॅमच्या बंदरावरच्या लोदस टॉवरची आग सगळ्या शहराला ठाऊक होती. चौतीस मजल्यांची इमारत, सप्टेंबरातल्या मंगळवारची दुपार, आग एकविसाव्या मजल्यावर. तिथल्या कोरीबाई गुदमरून गेल्या. आग विझवायचा पंप तळघरात होता, आणि बुधवारी सकाळी पोलिसांना त्याचा खटका 'बंद'वर सापडला. राखणदार होता मारितचा बाप, हाइन. झालं, खापर फोडायला एक डोकं मिळालं. येत्या शुक्रवारी त्याच्यावर आरोप ठेवणार होते.

"बाबांना जिन्यातून बेशुद्धच बाहेर काढलं," मारित म्हणाली. "या किल्ल्या त्यांच्या खिशातल्या, रुग्णवाहिकेतच माझ्याकडे दिल्या. तेव्हापासून माझ्याचकडे आहेत."

खासगी तपास करणाऱ्या हेस्टर क्रोनने जुडगा उचलून पाहिला. पन्नाशीची, फटकळ, नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिचा कामातला जोडीदार वीबे तीस वर्षं अग्निशमन दलात काढून निवृत्त झालेला. माणूस सोन्यासारखा, डोकं मात्र जरा सावकाश चालायचं, हे तो स्वतःच कबूल करायचा.

वीबे आपल्या जुन्या ठाण्यात गेला आणि एकविसाव्यावर पाइप धरलेल्या जवानाला भेटून आला. चार मिनिटं पाणी धो धो आलं, जवान म्हणाला. मग दिवे गेले, दहा-बारा सेकंदांत परत आले, पण पाइप हातातल्या हातात मेला. सांगताना तो पोरगा रडला होता.

"दिवे परत आले? नक्की?" हेस्टरने दोनदा विचारलं.

"आले. आगीनं बाहेरची वीज गेली, तळघरातला जनरेटर लागला. त्यात काय एवढं?"

हेस्टर दाराकडे निघालीसुद्धा. वीबेला याची सवय होती.

टॉवरच्या व्यवस्थापक डेक्करबाईंनी कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. तळघराच्या किल्ल्या तीन, त्यांनी सांगितलं. एक त्यांची, एक हाइनची, एक वायरमन रूलोफची. आगीच्या आठवड्यात त्या सोमवार ते गुरुवार बहिणीकडे ग्रोनिंगनला होत्या. किल्ली त्यांच्या पर्समध्येच होती. जनरेटर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बारा वाजता चालवून बघायचे. त्याच वेळी शहरभर चाचणीचा सायरन वाजतो, त्या गोंगाटात हा आवाज कुणाला टोचत नाही. पंप मात्र गुरुवारी चालवायचा, बाहेरून येणाऱ्या नेहमीच्या विजेवर.

"दोन्ही एकदम कधी?" हेस्टरने विचारलं.

"एकदम लावले की रहिवाशांच्या तक्रारी. म्हणून मीच वेगळे केले," बाई म्हणाल्या. "एप्रिलमध्ये नवा जनरेटर बसला तेव्हा रूलोफने एकत्र चालवून पाहिले. त्याची सही आहे ना."

रूलोफ दुकानात भेटला. हसतमुख, बोलायला गोड. एप्रिलनंतर त्या तळघरात आपण पाऊलही टाकलेलं नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. "हाइन भला माणूस हो," तो म्हणाला, "पण विसराळू. खटका बंद राहिला, त्याला मी काय करणार?"

तळघरात वीबेने जनरेटरची पेटी उघडली. तीन जाड तारा, त्यांचे तीन नट. सगळ्यावर धूळ, दोन नट मात्र लखलखीत. त्याने ते हेस्टरला दाखवलं, कारण दाखवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

शेजारीच सायकलींच्या खोलीत इमारतीत राहणाऱ्या सीत्सकेआजी चाकात हवा भरत होत्या. हाइनचं नाव काढताच त्यांचे डोळे भरले. भिंतीतल्या मोठ्या पंख्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हा एरवी हवा बाहेर टाकतो. पण उन्हाळाभर सायरनच्या दिवशी याच्या अंगात यायचं. बाहेरचा पाला, कागद, सगळं आत. हाइन आणि मी पोट धरून हसायचो. या सोमवारी बदली माणसानं जनरेटर लावला, तर पाला नाही की काही नाही. हाइन नाही, तर पंखासुद्धा शहाणा झाला."

गुरुवारी दुपारी हेस्टरने सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. पोलीस अधिकारी होता, आणि इस्पितळातून सुटलेला हाइनही, लेकीच्या हाताला धरून.

"पहिली चार मिनिटं पाणी आलं," हेस्टर म्हणाली. "म्हणजे खटका चालू होता. तो आगीनंतर फिरवला गेला. डेक्करबाई ग्रोनिंगनला, हाइन इस्पितळात, त्याची किल्ली मारितकडे. उरली एक."

रूलोफचं हसू गेलं.

"पण पंप मधेच का थांबला? वीज तर होती. तीन तारांतल्या दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. दिव्यांना फरक पडत नाही. जनरेटरवर चालणारा पंखा मात्र पाला आत ओढतो. पंपाच्या पेटीत तर उलटी वीज ओळखणारं यंत्र असतं, ते पंप सुरूच होऊ देत नाही. एप्रिलपासून हा पंप जनरेटरवर चालूच शकत नव्हता. आता पंखा सुलटा फिरतोय. कुणीतरी नुकतेच दोन नट सोडून तारा बदलल्या. त्या उलट्या बसल्यात, हे चूक करणाऱ्यालाच ठाऊक असणार."

मग रूलोफ म्हणाला, "एप्रिलमध्ये मी एकत्र चालवून पाहिलंच नाही. दुसऱ्या कामावर जायचं होतं. नुसती सही केली. आग लागल्याचं ऐकलं, संध्याकाळी येऊन बघितलं, तेव्हा तारा उलट जोडल्याचं कळलं. बदलून टाकल्या."

"आणि खटका?"

"घाबरलो हो. हाइन विसरला असं वाटावं म्हणून बंद केला."

पोलीस त्याला घेऊन गेले. डेक्करबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मारितने बापाला मिठी मारली. "संपलं, बाबा. घरी चला."

हाइन हलला नाही. पंख्याकडे बघत होता.

"पाच सोमवार हा माझ्या डोळ्यांदेखत उलटा फिरला," तो म्हणाला. "का फिरतो, एकदाही विचारलं नाही मी. हसलो."

सायकलींच्या मागे उन्हाळ्यातला थोडा पाला अजून पडला होता. हाइनने कोपऱ्यातला झाडू घेतला, खाली वाकला आणि तो गोळा करू लागला. वीबे पुढे झाला आणि त्याच्यासाठी सायकली बाजूला करू लागला.